पायाळू पोरीचा नारळ

मी एक नारळ बोलतोय. आधीच सांगून टाकतो, या हकिकतीतलं निम्मंअधिक मला स्वतःलाच कळलेलं नाही. आम्हा नारळांना तीन डोळे असतात खरे, पण ते शेंडीखाली झाकलेले. त्यामुळे मी पाहिलं ते थोडं आणि ऐकलं ते बरंच. ज्या तळहातावर बसलो, त्यानं मात्र मला सगळ्यात जास्त सांगितलं.

जन्म माझा दक्षिणेकडचा, तमिळ मुलखातला. तिथून ट्रकनं निघालो तो घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात, एका पालाखाली येऊन पडलो. इथली माणसं नवी गाय-म्हैस घेतली की तिच्यावरून नारळ ओवाळून फोडतात. माझ्या गोणीतले भाऊबंद असेच एकेक करून म्हशींच्या पायाशी गेले. माझंही तेच होणार म्हणून मी मनाची तयारी करून बसलो होतो.

पण मला उचललं ते छगननं. हा बाजारात गुरांची दलाली करायचा. आटलेली म्हैस दुभती म्हणून खपवण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. त्यानं पाच-पंचवीस नारळ हातात खेळवले आणि मला पाहून म्हणाला, "ह्याच्या बुडाला वजन हाय. ह्योच पाहिजे." शेजारी एक मुलगी उभी होती. त्याची भाची, संस्कृती. तिनं मला तळहातावर आडवं घेतलं आणि मी एकदम उभा राहिलो. मला स्वतःचंच आश्चर्य वाटलं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. जन्मताना ज्याचे डोक्याऐवजी पाय आधी बाहेर येतात, त्याला पायाळू म्हणतात. पायाळू माणसाला जमिनीखालचं पाणी कळतं, पुरलेलं धन दिसतं, असं लोक मानतात. कंबरेत उसण भरली तर पायाळूची लाथ लावून घेतात. छगननं आपली भाची पायाळू आहे अशी आवई उठवली होती. पोरीनं नारळ घेऊन रानात फिरायचं, नारळ उभा राहील तिथं मालकानं बोअर घ्यायचं, असा त्यांचा धंदा होता.

संस्कृती सोळा वर्षांची. आईबाप ऊसतोडीला, सहा महिने कारखान्यावर. दहावी झाल्यावर ती मामाकडंच राहत होती. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो, तो कुणाला न दिसता कसा उचलायचा, हे मामानं तिला शिकवलं. पण खरी विद्या तिची तिनं काढली. ती मालकाला पुढं चालू द्यायची आणि त्याच्या पायांकडं बघत राहायची.

"मामा, मानसाला जागा आधीच ठावी असती," ती एकदा म्हणाली. "तिथं आला की त्याचा पाय रेंगाळतो. त्याला फक्त दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं असतं."

आणि खरोखर, मालकाचा पाय रेंगाळला की मी उभा. लोक हात जोडायचे, म्हाताऱ्या बायका माझ्या शेंडीला हळद लावायच्या. कुठं बोअर कोरडं गेलं तर छगन बेधडक सांगायचा, "कुनीतरी चप्पल घालून त्या जागेवर पाय दिला असनार." लोकांना तेही पटायचं. मला तर इतकी सवय झाली, की ती मला उठवते की मीच उठतो, हे ठरवता येईना. माझ्या पोटातलं पाणी एव्हाना पार आटलं होतं आणि खोबरं सुटून आत गडगडत होतं. असा मी, आणि मी दुसऱ्यांना पाणी दाखवत होतो.

फाल्गुनात एक दिवस आम्ही पाथर्डीच्या रस्त्यावर चहाला थांबलो. पोर चहा आणायला गेली. मी मोटारसायकलच्या पिशवीत होतो. एका पांढऱ्या गाडीतून एक माणूस उतरला आणि छगनच्या कानाशी लागला.

"पोरगी खरंच पायाळू हाय ना? आमाला तशीच पाहिजे. अमावस्येला डोंगरात न्यायची. खड्ड्याम्होरं बसवायची, धन लागलं की तुमचा वाटा तुमाला. घरच्यांना काय सांगायचं ते तुमी बघा."

"आनि पोरीला घरी कवा सोडनार?" छगननं विचारलं.

त्या माणसानं उत्तर दिलं नाही. छगननंही पुन्हा विचारलं नाही. मला वाटलं होतं मामा आता भडकेल, निदान नाही तरी म्हणेल. तो म्हणाला, "बघू."

पोर चहाचे ग्लास घेऊन पाठीमागंच उभी होती. त्यानंतर तिनं मला हातात घेतलं, ते वाटभर सोडलंच नाही. तिला आता खोटेपणा लपवायचा होता, की खोटेपणा उघडा पडावा असं वाटत होतं? मला काही उमगेना. तिलाही उमगत नसावं.

त्याच दुपारी आम्ही छबूबाईंच्या डाळिंबाच्या बागेत पोचलो. छबूबाई सत्तरीच्या, चालणं ताठ, बोलणं मोजकं. मुलगा भागवत बाग बघायचा. विहीर आटत आली होती आणि झाडं फुलावर होती. बोअरचं मशीन दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होतं.

संस्कृती छबूबाईंच्या मागं चालू लागली. पण या बाईचा पाय कुठंच रेंगाळेना. अख्खी बाग एका चालीनं चालून झाली. शेवटी पोरीनंच विचारलं, "आजी, तुमाला कुठं वाटतंय?"

"मला काय वाटायचंय? तू पायाळू हायेस ना? तूच सांग."

बांधाच्या कोपऱ्यात पोचलो आणि तिथं ती गोष्ट घडली. मी उठलो. अंगठा हलला नव्हता, उंचवटा उचलला गेला नव्हता. पोर दचकली आणि तिनं दुसऱ्या हातानं मला दाबून आडवं केलं. तिचा हात कापत होता म्हणून मी उठलो असेन. की आणखी काही होतं? ते काही मला आजतागायत कळलेलं नाही.

तेवढ्यात अवकाळी ढग भरून आले आणि मोठ्यानं गडगडलं. भागवत आणि छगन गोठ्याकडं पळाले. संस्कृती तिथंच उघड्यावर, वर तोंड करून उभी राहिली. चार थेंब पडले आणि ढग पांगले. गोठ्याच्या दारातून छबूबाई तिच्याकडं एकटक बघत होत्या.

संध्याकाळी चुलीपुढं त्यांनी पोरीला बसवून घेतलं. मी तिच्या मांडीवर होतो.

"ढग गरजला तवा तू भाईर का उभी राहिली गं?"

"मला आवडतंय, आजी."

"पायाळू लेकराला ढग आवडत न्हाईत, बाय. वीज पायाळूवर पडती म्हनत्यात. जरा गरजलं की आई त्याला पदराखाली दडवती. मोठं झालं तरी ते भ्या जात न्हाई. तुला कुनी दडवलंच न्हाई कवा."

झालं. एवढ्या गावांना जे कळलं नाही, ते या बाईनं एका ढगात ओळखलं. पोर तोंड दाबून रडायला लागली. अंगठ्याचं, पायांचं, पांढऱ्या गाडीचं, मामाचं, सगळं तिनं सांगून टाकलं. मला आपली भीती वाटत होती की बाई आता तिला हाकलून देणार.

छबूबाईंनी तिच्यापुढं भाकरी सरकवली. "उद्या सगळ्यांम्होरं हेच सांग. पायाळू न्हाई म्हनलं की त्या मेल्यांना तुझा उपेग उरनार न्हाई."

सकाळी मशीन आलं. त्यावरचे मजूर तमिळ, माझ्याच मुलखातले. ते आपसात काय बोलतात ते तिथं फक्त मला कळत होतं. "हे लोक नारळाला विचारून भोक पाडतात," असं म्हणून ते हसत होते. अर्धं गाव जमलं होतं. बांधाबाहेर ती पांढरी गाडीही येऊन उभी राहिली. तो माणूस माल बघायला आला होता.

संस्कृती पुढं झाली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी पायाळू न्हाई. नारळ उठत न्हाई, मी त्याला उठवते. हे बघा, असं." आणि तिनं सगळ्यांना अंगठा दाखवत मला हळूहळू उभं केलं.

मला वाटलं, संपलं. पण घडलं भलतंच. मी उभा राहिलेला पाहून लोकांनी हात जोडले.

"खरा पायाळू असंच म्हनतो," एक जण म्हणाला. "मोठेपना घेत न्हाई."

"कसा उठला बघ, काय सुदीक न करता," दुसरा म्हणाला.

"अवो, केलं ना मी. अंगठा बघा ना माझा," पोर कळवळून सांगत राहिली. अंगठ्याकडं कुणी बघेना. पांढऱ्या गाडीतला माणूस समाधानानं मान हलवत होता. खोटं बोलताना तिच्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला होता आणि खरं बोलताना एकही माणूस ठेवायला तयार नव्हता. माणसांचं हे असं का, ते मला विचारू नका.

तेव्हा छबूबाई उठल्या. त्यांनी पोरीच्या हातातून मला काढून घेतलं.

"ही पायाळू न्हाई. पायाळूला पायाळू वळखतो. मी हाय पायाळू."

सगळे गार झाले. भागवतचं तोंड उघडंच राहिलं. "आये, तू कवा झाली पायाळू?"

"जन्मतानाच झाले, आनि कवा? सासरी सांगितलं न्हाई. साऱ्या गावाच्या कमरा तुडवत बसावं लागलं असतं."

मग त्या सरळ पांढऱ्या गाडीकडं वळल्या. "पाहुणं, तुमाला अमावस्येला डोंगरात न्यायला पायाळू पाहिजे ना? चला, मी येते. भागवत, सरपंचाला निरोप दे. पोलीस पाटलाला बी. गावातली चार मानसं संगं घेऊ. धन काढायचं म्हनल्यावर साक्षीदार नकोत का?"

गाडी वळली कधी आणि गेली कधी, कळलंही नाही. नुसती धूळ तेवढी राहिली. लोक आता छगनकडं बघू लागले होते. त्यानं मान वर केली नाही.

"पोरगी हितंच राहील," छबूबाई त्याला म्हणाल्या. "तिची आई आली की तिच्या हाती देईन. तुमी निघा आता." तो निघून गेला.

मग बाईंनी मला तळहातावर घेऊन बागेच्या तोंडाशी नेलं. मी आडवाच होतो. शपथेवर सांगतो, मी तसूभरही हललो नाही. "उठला," छबूबाई म्हणाल्या. "उठला, उठला," सगळं गाव म्हणालं. मशीन तिथं लागलं आणि बागेला पुरेल इतपत पाणीही लागलं. घरी आल्यावर त्यांनी पोरीला हळूच सांगितलं, "तिथं मशीन लावलं की डाळिंबाचं एकबी झाड तुडवलं जात न्हाई, म्हनून." बांधाच्या कोपऱ्यात, जिथं मी आपसूक उठलो होतो, तिथं कुणी भोक पाडलंच नाही.

"आजी, तुमी खरंच पायाळू हाय?" पोरीनं विचारलं.

"मला काय ठावं? जन्मले तवा माझं डोळं मिटल्यालं हुतं."

कारखान्याचा पट्टा पडला, ऊसतोड संपली आणि आज तिची आई आली. उन्हानं रापलेली, हाडकुळी बाई. पोरीला छातीशी धरून किती तरी वेळ उभी राहिली. पोर भागवतबरोबर बाग बघायला गेली, तेव्हा छबूबाईंनी चहाचा कप तिच्यापुढं ठेवत सहज विचारलं, "लेक झाली तवा काय अवघड गेलं न्हाई ना?"

आईनं आधी दाराकडं बघितलं.

"पाय आधी आलं हुतं, आजी. उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत झाली. जिच्या हातानं सोडवनूक झाली, तिला मी लेकीच्या गळ्याची आन घातली. कळलं असतं तर लोकांनी पोर ठिवली असती का मला? गरजायला लागलं की माझा जीव जायचा. पन मी तिला मुद्दाम अंगनात खेळू द्यायचे. दडवलं असतं तर वळखलं असतं ना कुनी."

छबूबाईंनी उठून दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, "तिला म्हाईत हाय?"

"न्हाई."

"मग आता बी सांगू नको."

फळीवर बसून मी हे सगळं ऐकलं आणि माझं डोकं पार चक्रावून गेलं. म्हणजे ती लबाडी करत होती, ते खरं होतं का? पायाळू असणं म्हणजे तरी नेमकं काय? की त्या कोपऱ्यात नुसता एका घाबरलेल्या पोरीचा हात कापला होता? विचार करतो आणि आतलं खोबरं नुसतं गडगडतं.

मायलेकी सकाळच्या एसटीनं जाणार आहेत. पोर अकरावीला बसणार म्हणते. छबूबाईंनी आत्ताच मला फळीवरून खाली काढलं, शेंडी ओढून बघितली आणि भागवतला म्हणाल्या, "पोरी जायच्या आधी आमटी करू. ह्यो फोड, वाटनाला व्हईल."

आन घातलेली ती बाई सोडली, तर पोरीचं गुपित आता तिघांनाच ठाऊक आहे. त्यातल्या दोघी बोलणार नाहीत आणि मी थोड्या वेळानं आमटीत असेन. जाता जाता तुम्हाला सांगून बसलो, ही माझी चूक झाली असेल. तेवढं पोटात ठेवा. कधी ढग गरजताना उघड्यावर वर तोंड करून उभी राहिलेली मुलगी दिसली, तर तिला काही विचारू नका. उभी राहू द्या.