हुकमांचा डबा

मित्रांनो, मी एक जुना बिस्किटांचा डबा आहे. बिस्किटं संपून वीस वर्षं झाली. आता माझ्या पोटात हुकूम असतात.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. अंगावर निळी फुलं छापून, पोटात बिस्किटं भरून मी दुकानात आलो आणि तिथून स्पॅनिश शिकवणाऱ्या एका बाईंच्या घरी. रिकाम्या डब्याच्या नशिबी बहुधा सुया-दोरे येतात. बाईंनी मात्र पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या कापल्या, प्रत्येकीवर स्पॅनिशमध्ये एकेक हुकूम लिहिला आणि मला संध्याकाळच्या वर्गात नेलं. चिठ्ठी काढायची, हुकूम मोठ्यानं सोडायचा आणि समोरच्यानं तो निमूटपणे पाळायचा. 'सिएंताते' म्हणजे बस. 'साल्ता' म्हणजे उडी मार. एक निवृत्त मुख्याध्यापक विद्यार्थ्यांच्या हुकमानं टुणकन उडी मारायचे, तेव्हा वर्ग हसून हसून बेजार व्हायचा. मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा.

मग भिंतीवर पडदा आला, त्यावर चित्रं हलू लागली आणि माझी रवानगी कपाटावर झाली. तीन वर्षं मी धूळ खात पडलो. झाकण गंजलं. वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू?

बाईंनी मला खाली आणलं ते वर्गात नव्यानं शिकायला आलेल्या मावशींसाठी. दवाखान्यात तीस वर्षं त्यांनी आयाचं काम केलं होतं. वहीत त्यांचं सगळं बरोबर असायचं, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता.

"महिन्याभरानं नात येतेय हो," त्या बाईंना म्हणाल्या. "पाच वर्षांची आहे. परदेशातच वाढली, तिला फक्त स्पॅनिश येतं. फोनवर नुसती बघत राहते माझ्याकडे. मी बोलावलं आणि ती आली, एवढं झालं तरी पुरे."

पहिली चिठ्ठी निघाली, 'आब्रे ला वेन्ताना'. खिडकी उघड. मावशींनी ती मनातल्या मनात वाचली, उठल्या आणि स्वतःच खिडकी उघडून आल्या.

"मावशी, तुम्ही नाही उठायचं. मला उठवायचं."

"अहो, मी असताना तुम्ही कशाला उठता?"

महिनाभर हेच चाललं. दार लावा, दिवा लावा, फळा पुसा, सगळं मावशींनीच केलं. वर्ग लख्ख झाला. माझा गंजसुद्धा त्यांनी तेल लावून घासून काढला. हुकूम मात्र एकही सुटला नाही. मला त्यांची काळजी वाटू लागली.

नात आली. तिसऱ्या दिवशी मावशी तिला वर्गात घेऊन आल्या. पण इतकी अनोळखी माणसं पाहून पोरगी दाराशीच थबकली. चौकट धरून उभी राहिली, काही केल्या आत येईना. मावशी एव्हाना आत येऊन मला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सवयीनं त्या अर्ध्या उठल्या. मग पुन्हा खाली बसल्या. त्यांचे हात माझ्या कडांवर घट्ट आवळलेले मला जाणवत होते.

"वेन," त्या म्हणाल्या. ये.

आवाज लहान होता, पण साऱ्या वर्गानं ऐकला. पोरीनं चौकट सोडली आणि धावत येऊन आजीच्या गुडघ्याला बिलगली. अजूनही वर्गाला येणाऱ्या त्या मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

पोरीला मग माझा शोध लागला. तिनं एक चिठ्ठी काढली, उलटी धरली आणि वाचता येत नसतानाही ऐटीत हुकूम सोडला, "साल्ता, अबुएला!" आजी, उडी मार.

हुकूम पाळण्यात मावशींचा हात कोण धरणार? त्यांनी मला बाजूला ठेवलं, पदर खोचला आणि अशी उडी मारली की माझं झाकण खणखणलं.

मित्रांनो, जुने डबे फेकू नका, अधूनमधून पुसत जा. आणि तुमच्या घरातही सगळ्यांच्या हाकेला उठणारं एक माणूस असेल. त्याला एकदा बसवा आणि म्हणा, आज तुम्ही सांगा. त्यानं सांगितलं की मात्र पटकन उठा.