न दुखणारी नांगी

गेल्या महिन्यात सबरियाला काळा विंचू चावला, तेव्हा तिने ओरडून घर डोक्यावर घेतलं होतं. दवाखान्यात न्यायच्या आधी नवऱ्याने, जाबरने, तिच्या दोन थोबाडीत ठेवून दिल्या. वर, “बाप विंचू पकडून पोट भरायचा आणि पोरीची ही तऱ्हा!” असं शुश्तरच्या अख्ख्या बाजाराला सांगत सुटला.

आज सकाळी विटा उचलताना त्याच्या मनगटाला काहीतरी टोचलं. विटेखाली वाळल्या गवताच्या रंगाचा किडकिडीत विंचू होता. जाबरने तो चपलेने चिरडला.

“बघ! मी हूं की चूं केलं का? मुंगीएवढंसुद्धा दुखत नाही. याला म्हणतात मर्द!”

सबरियाने चपलेखाली पाहिलं. काळा विंचू बोंबलायला लावतो, पण माणूस वाचतो. हा गदीम. हा चावला तर दुखत नाही; उद्या लघवी लाल होते, मग माणूस जातो. लगेच सुई टोचली तर मात्र वाचतो. बापाने तिला हे चालायच्या आधी शिकवलं होतं. दवाखाना दोन गल्ल्या टाकून होता.

“मर्द म्हणजे तुम्हीच,” ती म्हणाली आणि तिने चहा ओतला. “सावकाश प्या. घाई कसली?”