एस.टी.च्या रॅकवर बसेल एवढी पेटी

कॉम्प्युटरची पेटी लहान घ्या, असं हरिबांनीच सुचवलं होतं. त्यामुळे दुपारी बाराच्या सुमाराला ती तिसऱ्यांदा बंद पडली, तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसत बसले.

हरिबांची सारी नोकरी कळंबच्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात गेली. घरात त्यांचा सल्ला कुणी मागत नसे, आणि आपण होऊन सल्ला देण्याचा त्यांचा स्वभावही नव्हता. एकदा त्यांनी मिक्सरचं भांडं उलटं बसवलं होतं. तेव्हापासून तारामतीबाई नवऱ्याला विजेच्या वस्तूजवळ फिरकूसुद्धा देत नसत. पण दोन महिन्यांपूर्वी नात राजनंदिनीनं जाहीर केलं, की गेम खेळायचा कॉम्प्युटर ती सुटे भाग मागवून स्वतः जुळवणार आणि लातूरच्या स्पर्धेला घेऊन जाणार. न्यायचा अर्थातच एस.टी.नं. तेव्हा हरिबांच्या तोंडून निघून गेलं, "मग पेटी रॅकवर बसेल एवढीच घ्या."

दुसऱ्या दिवशी ते स्टँडवर गेले, फलाटाला लागलेल्या लातूर गाडीत चढले आणि वर्तमानपत्राच्या घडीनं रॅकची खोली मोजू लागले. कंडक्टरनं विचारलं, "आजोबा, काही हरवलं का?" हरिबांना घाम फुटला. "न्हाय, न्हाय," म्हणत ते कसेबसे खाली उतरले. पण घडी नीट सांभाळून आणली, आणि त्या मापाची पेटी आली.

एवढ्या पेटीत आतले तापणारे भाग पाणी खेळवून थंड करायचं प्रकरण मावणार नव्हतं. हवेवरच भागवायचं ठरलं. आणि हवा म्हटल्यावर हरिबांचा धाकटा मुलगा योगीराज कसला गप्प बसतोय! अर्ध्या कळंबात उन्हाळ्यात त्याच्या हातचे पत्र्याचे कूलर घरघरतात.

"तू तुझ्या चिपा आन् वायरी बघ, नंदे," त्यानं पुतणीला बजावलं होतं. "पंख्याला हात लावायचा न्हाय. वीस वर्सं पंखेच बसवतोय म्या."

आज सकाळी राजनंदिनीनं प्रोसेसर बसवला. त्याच्या डोक्यावर तांब्याच्या नळ्यांचा आणि पातळ पत्र्यांचा मनोरा चढवला. तो इतका उंच, की झाकण लावल्यावर मध्ये जेमतेम नख जाईल एवढी जागा राहिली. योगीराजनं पुढच्या जाळीमागं दोन पंखे बसवले, मागं एक. तारामतीबाईंनी पेटीला कुंकू लावलं, साखर ठेवली. बटण दाबताच सगळं कसं झगझगीत सुरू झालं, आणि घरात एकच आरडाओरडा झाला.

तो दहा मिनिटं टिकला. गेम सुरू केला की पडद्यावरचा उष्णतेचा आकडा चढत जाई, अठ्ठ्याण्णवला पोचे, आणि पेटी डोळे मिटे. झाकण काढलं की ठीक चाले. पण स्पर्धेत उघडी मशीन चालणार नव्हती.

लातूरहून संघाची कप्तान शिवकन्या हिचा फोन आला. "नंदे, चारच्या गाडीनं निघतीस का न्हाय, दोनपर्यंत सांग. न्हायतर मला दुसरी बघावी लागंल. वाईट वाटून घेऊ नकोस."

राजनंदिनीनं फोन ठेवला आणि ती जमिनीवरच बसली. तीन वर्षं ती उसन्या मशीनवर खेळून या संघात शिरली होती.

"पेटीच बारकी झाली," योगीराज म्हणाला. "दम कोंडतोय तिचा. चार बोटं मोठी घेतली असती तर..." पुढचं तो बोलला नाही, वडिलांकडं बघितलंही नाही. त्याचंच हरिबांना जास्त लागलं.

ते उठून कोपऱ्यातल्या रिकाम्या खोक्यांपाशी गेले. तिथं पेटीबरोबर आलेली माहितीपुस्तिका तशीच कोरी करकरीत पडली होती. छापील कागद हाती लागला की वाचायचा, ही त्यांची खोड. औषधाच्या बाटलीतली चिठ्ठीही ते शेवटपर्यंत वाचत. चौथ्या पानावर चित्र होतं. पुढून आत जाणारे दोन बाण, मागून बाहेर पडणारा एक.

हरिबा थबकले. मघाशी ते पेटीसमोर मांडी घालून बसले होते, तेव्हा गुडघ्यांना गरम वारा लागत होता. पुढून हवा आत जात असेल, तर गुडघ्यांना वारा कुठून आला?

त्यांनी चित्र उलटं धरून पाहिलं. पुन्हा सुलटं धरलं. नाही, आपल्यालाच कळत नसेल. वीस वर्षं पंखे बसवणारा चुकेल, आणि मिक्सरचं भांडं उलटं बसवणाऱ्याला ते दिसेल? पण दोन वाजायला आता पाऊण तासच उरला होता, आणि पोरगी अजून जमिनीवरच बसली होती.

त्यांनी आपल्या पुस्तकातलं खुणेचं मोरपीस काढलं. बटण दाबलं, आणि पीस पुढच्या जाळीसमोर धरलं. ते जाळीला चिकटायला हवं होतं. ते थरथरलं आणि त्यांच्याच अंगावर वाकलं. मग मागच्या पंख्यासमोर धरलं. तिथंही बाहेरच वाकलं.

"अवो! त्याला हात लावू नका!" तारामतीबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या.

"हात न्हाय लावला. पीस धरलंय," हरिबा पुटपुटले. मग नातीजवळ वाकून म्हणाले, "नंदे, बहुतेक माझंच चुकत असेल. पण हे पीस कुणीकडं वाकायला पाहिजे?"

राजनंदिनीनं पिसाकडं पाहिलं, पुस्तिकेकडं पाहिलं. मग सावकाश मान वळवली. "काका, पुढचे पंखे कसे बसवलेत तुमी?"

"कसे म्हंजे? कूलरसारखे. मागनं ओढायचं, पुढं फेकायचं. हवा बसलेल्या माणसाच्या अंगावर यायला नको व्हय?"

राजनंदिनीला असं हसू फुटलं, की तिनं तोंडावर ओढणीच दाबली. योगीराजनं कपाळावर हात मारला. "आयला! म्हंजे वीस वर्सं माणसं गार केली, तशी हिलाबी माणूसच समजलो म्या! पुढनंबी भाईर, मागनंबी भाईर. आत हवा घालणार कोण, माझा बाप?"

"तुझ्या बापानंच घातली की," तारामतीबाई दारात येऊन म्हणाल्या.

मग धावपळ उडाली. पंख्यांपर्यंत पोचायला आधी ग्राफिक्स कार्ड काढावं लागत होतं. पण योगीराजची बोटं अशी चालली, की आठ स्क्रू बघता बघता तारामतीबाईंच्या वाटीत पडले. पंखे उलटे करून बसवले, कार्ड परत लावलं, आणि झाकण घालायच्या आधी तो वडिलांकडं वळला. "दादा, धरा पीस. तुमी व्हय म्हणल्याबिगर झाकण लावत न्हाय."

हरिबांनी पीस धरलं. ते सरळ जाळीला जाऊन चिकटलं. मागं बाहेर वाकलं. त्यांनी तरी दोनदा खात्री केली.

"व्हय," ते म्हणाले.

झाकण लागलं, गेम सुरू झाला. आकडा साठ, सत्तर, शहात्तर झाला आणि शहात्तरवरच रेंगाळला. पाच मिनिटं, दहा, वीस. दोनला पाच कमी असताना राजनंदिनीनं फोन लावला. "शिवकन्या, येतेय मी. चारच्या गाडीनं."

स्टँडवर गाडीत चढून योगीराजनं पिशवीतली पेटी रॅकवर सरकवली. ती मागं टेकली आणि पुढं बोटभरही बाहेर राहिली नाही. "बरोब्बर माप, दादा!" तो सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं ओरडला. राजनंदिनीनं मात्र लगेच ती खाली घेऊन मांडीवर ठेवली. "रस्ता बघितलाय का, काका? वर ठेवली तर लातूरपतुर निखळलेले स्क्रू मोजावे लागतील." मोरपीस तिनं वेणीत खोवलं होतं; लातूरला झाकण लावताना लागलंच तर असू दे म्हणून.

हरिबा उतरू लागले, तर दारात तोच कंडक्टर. "आजोबा, त्या दिवशीचं सापडलं का?"

"हरवलं काहीच नव्हतं हो," हरिबा म्हणाले. "माप घेत होतो." आणि पायरीवरच उभं राहून त्यांनी त्याला पेटी, पंखे, हवेची वाट, सगळं सांगायला सुरुवात केली. शेवटी ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला, तरी मागचा पंखा सांगायचा राहिलाच होता.