लोर्नाची यादी

“झालं. सगळ्या फायली परत आल्या,” दवाखान्याचे कॉम्प्युटर सांभाळणारा डेल म्हणाला आणि खिमा-बटाटा भरलेल्या, केचप लावलेल्या पेस्टीचा त्याने मोठा घास घेतला.

हॅनकॉक गावातल्या त्या छोट्या दवाखान्याचं, सगळ्या फायली ठेवणारं मुख्य मशीन सकाळी बंद पडलं होतं. लोर्ना हाविस्तोच्या टेबलाखालच्या मशीनवर सगळ्या फायलींची रोजची नक्कल तिच्या पासवर्डाने उतरायची, म्हणून निभावलं. लोर्ना तिथली कारकून. मशीनचे सगळे अधिकार एकट्या डेलकडे, तिच्याकडे साधा पासवर्ड.

तेवढ्यात समुपदेशक रूथ दारात आली. तिचा चेहरा उतरला होता.

“डेल, माझ्या पेशंटच्या नोंदी बाहेर स्वागतकक्षात पॅमच्या मशीनवर उघडतायत. तिच्या दिराची फाइल आहे त्यात. तिनेच येऊन सांगितलं, म्हणून बरं.”

डेलचा घास तोंडातच राहिला. साध्या पासवर्डाने घेतलेल्या नकलेत प्रत्येक फाइल घेणाऱ्याच्याच नावावर चढते. ती मुळात कोणाची, कोणी उघडायची, हे सगळं पुसलं जातं. कामं अडू नयेत म्हणून डेलने सरसकट सगळ्यांना मोकळीक देऊन टाकली होती. आता नऊ हजार फायलींतली कुठली कोणाची, हे कोण सांगणार?

“आधी सगळ्यांचं बंद कर,” लोर्ना म्हणाली. “मग यादी चालव.”

“कसली यादी?”

“जिच्यावरून मला अकरा वर्षं चिडवतोयस, ती.”

नक्कल निघण्याआधी प्रत्येक फाइलीचा धनी आणि ती कोणी उघडायची, हे मुख्य मशीन एका यादीत लिहून पाठवायचं. ही सोय लोर्नाने हात धुऊन डेलच्या मागे लागून करून घेतली होती. रिकाम्या डब्यांनाही चिठ्ठ्या लावणारी बाई, असं तो तिला म्हणायचा. आता मात्र त्याने निमूट यादी चालवली.

“अगं, एक विचारू?” काम संपत आल्यावर तो म्हणाला. “सगळ्या गावाच्या भानगडी तुझ्या पायाशी, त्याही तुझ्याच नावावर. एकही उघडून बघितली नाहीस?”

“आयनोचीपण आहे त्यात.”

लोर्नाचा नवरा आयनो चार वर्षांपूर्वी वारला. त्या शेवटच्या हिवाळ्यात तो दर गुरुवारी मन मोकळं करायला रूथकडे यायचा. घरी मात्र हवेबद्दलच बोलायचा.

आपल्या नोंदी आता पॅमकडे उघडत नाहीत, हे बघून रूथ निर्धास्त होऊन गेली. लोर्नाने आपला साधा पासवर्ड घातला, चार वर्षांत पहिल्यांदाच मुख्य मशीनवर आयनोची फाइल शोधली आणि उघडायला सांगितली.

परवानगी नाही, असं मशीनने उत्तर दिलं.

आयनोचं बोलणं रूथपाशीच राहिलं होतं; लोर्नाला फार बरं वाटलं. तिने खुर्ची आत सरकवली आणि आपली पेस्टी गरम करायला गेली.