चिमणीचा कोट आणि वहिनीचा पहारा

वहिनीची सगळी नोकरी जंतूंच्या प्रयोगशाळेत गेली. निवृत्तीनंतर तिच्या ताब्यात आला तो घरातला कॉम्प्युटर, आणि तिने त्यालाही त्याच शिस्तीत घेतलं. बाहेरचा पेन ड्राइव्ह आला की आधी स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचा, मग स्कॅन करायचा.

"पुसल्याने व्हायरस मरतो का गं?" तिचा नवरा विचारी. घरात त्याला सगळे दादा म्हणत.

"नाही मरत. पण कुणाकुणाच्या खिशातून आलाय, देव जाणे."

तिसरी होती दादाची धाकटी बहीण, चिमणी. पन्नाशी आली, अंगाने चांगली भरली, तरी लहानपणीचं नाव काही सुटलं नव्हतं. ती लोकरीचे कपडे विणून द्यायची. आजवर दुसऱ्यांच्या नक्षीवरच हात चालवला होता. या हिवाळ्यात मात्र तिने कॉम्प्युटरच्या पडद्यावर चौकट चौकट भरत स्वतःची नक्षी रचली. कोटावर खालपासून खांद्यापर्यंत चढत जाणारे वेलीसारखे पीळ. लोकरवाल्याने ते पाहून सांगितलं होतं, रविवारपर्यंत कोट पुरा कर, दुकानाच्या दर्शनी काचेत लावतो, खाली तुझं नाव घालतो. चिमणी तेव्हापासून जमिनीवरून दोन बोटं वर चालत होती.

गुरुवारी दुपारी, जेवणं आटोपल्यावर, तिची हाक आली.

"वहिनी! अगं, हे काय झालं बघ!"

पडदा काळा होता. त्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, की तुमच्या सगळ्या फायलींना आम्ही कुलूप घातलंय, किल्ली हवी तर पैसे पाठवा. वहिनीने आधी इंटरनेटची वायर उपटली, आणि मगच खुर्ची ओढली.

"काय उघडलंस?"

"काजांची नक्षी. फुकट होती."

"अँटीव्हायरसने अडवलं नाही?"

चिमणीने मांडीवरची लोकर उगीच गुंडाळायला घेतली. "तो बंद होता."

"कुणी केला?"

"अगं, ऐन ओळीत ती खिडकी उघडते! तपासणी सुरू आहे, अपडेट करा, हे करा, ते करा. ती मिटवेपर्यंत टाक्यांची मोजणी जाते, आणि मग आख्खी ओळ पुन्हा पहिल्यापासून. म्हणून म्हटलं, एका ओळीपुरता बंद करू."

"आणि ओळ झाल्यावर?"

"ती ओळ इतकी छान उतरली गं, की पुढची घेतली."

दाराशी उभ्या दादाला हसू आवरेना. "पहारेकऱ्याला झोपवून चोराला आवतण! वा, चिमणाबाई!"

"तू गप रे."

वहिनी मात्र फारशी घाबरली नाही. दर सोमवारी ती सगळ्याची प्रत एका वेगळ्या डिस्कवर काढी आणि डिस्क सोडवून कपाटात ठेवी. ती तिने दादाच्या जुन्या लॅपटॉपला जोडली. फोटो होते, बिलं होती, दादाचे बुद्धिबळाचे डावसुद्धा होते. नक्षी नव्हती.

"तू नक्षी ठेवायचीस कुठे?"

"समोरच, पडद्यावर. उठसूट लागते ना."

वहिनीने प्रत काढली होती ती आपल्या नीट लावलेल्या फोल्डरांची. चिमणी आपल्या वस्तू कुठे टाकते, हे तिने कधी विचारलंच नव्हतं. दुखणं घशात, आणि नमुना घेतला बोटाचा! प्रयोगशाळेत कुणी असं केलं असतं, तर तिने त्याला दिवसभर सुनावलं असतं.

"देऊन टाकू या का पैसे?" दादा आता हसत नव्हता.

"नको. किल्ली मिळेलच याचा काय भरवसा? आणि ही गिऱ्हाइकं पैसे देतात हे कळलं, की पुन्हा दारात हजर."

चिमणी अर्धा कोट मांडीवर घेऊन बसली. पाठ, डावी बाजू, डावी बाही, एवढं झालं होतं. "जाऊ दे. लोकरवाल्याला सांगते, नाही जमलं म्हणून." तिचा आवाज इतका साधा निघाला, की वहिनीला त्यापेक्षा तिचं रडणं परवडलं असतं.

वहिनीने ती डावी बाजू उचलली आणि खिडकीत उजेडाला धरली.

"उजवी बाजू याहून वेगळी आहे?"

"नाही. हिचाच आरसा. पीळ तेवढा उलट फिरतो. बाहीचंही तसंच."

"मग नक्षी गेली कुठे? ही काय, माझ्या हातात आहे!"

चिमणी बघतच राहिली. इतके दिवस डोळे पडद्यावर आणि सुया हातात, त्यामुळे विणलेल्याकडे वाचायची गोष्ट म्हणून तिने पाहिलंच नव्हतं.

वहिनीने भिंग आणलं. एकेका ओळीवर टाचणी टोचत ती वाचू लागली, "सुलट, सुलट, उलट, मग ही गाठ..."

"गाठ नव्हे, पीळ! गाठ म्हणजे चूक."

"बरं बाई, पीळ. तुझ्याकडे तोच जास्त."

सुया चालू लागल्या. वहिनी आरशाचा हिशेब मनात करून उलट टोकाकडून सांगायची, आणि चिमणी विणायची. एका लांबलचक ओळीच्या मध्यावर दादाने आत डोकावून विचारलं, "कॉफी घेणार का कुणी?"

वहिनीचं बोट जागच्या जागी थांबलं. कुठे होतो आपण? तिने ओळ पुन्हा सुरुवातीपासून धरली, आणि नवऱ्याकडे असं पाहिलं, की तो उत्तर न घेताच परतला.

"आलं लक्षात?" चिमणी म्हणाली.

"आलं."

शुक्रवार आणि शनिवार दोघी खिडकीतून हलल्या नाहीत. हाताला विसावा म्हणून चिमणी उठली, की वहिनी कॉम्प्युटरकडे वळे. तिने तो पार पुसून नव्याने उभा केला. चिमणीला वेगळं खातं दिलं, त्यातून वहिनीच्या पासवर्डशिवाय काहीही बसवता येणार नव्हतं. सोमवारच्या प्रतीत पडद्यावरचा पसाराही धरला. अँटीव्हायरस चालूच राहणार, पण त्याची मोठी तपासणी सगळे जेवायला बसल्यावर, आणि चिमणीच्या विणायच्या वेळी अपडेटची कुरकुर बंद.

"आणि चोर आला तर?" चिमणीने विचारलं.

"तर मात्र पहारेकरी ओरडेल. तेव्हा ओळ गेली तरी चालेल."

"चालेल," चिमणी म्हणाली. घासाघीस केली नाही, याचंच वहिनीला नवल वाटलं.

रविवारी कोट काचेत लागला. रस्त्यावरून तिघं बघत उभी होती. खाली चिमणीचं नाव होतं, शाळेतलं, पूर्ण. दादाने ते दोनदा मोठ्याने वाचलं. वहिनीचे डोळे सवयीने पीळ मोजत वर चढले आणि उजव्या खिशापाशी थबकले. एक पीळ भलत्याच बाजूला वळला होता.

"तो माझ्याकडून चुकला," ती हळूच म्हणाली. "मी उलटा सांगितला."

"कालच दिसला मला."

"मग उसवला का नाहीस?"

"तू इतक्या ठामपणे सांगितलास, की मला वाटलं, माझीच नक्षी चुकली असेल." चिमणीने काचेला नाक लावलं. "आता बघते, तर बरा दिसतोय. पुढच्या कोटात मुद्दाम घालीन."