टाळूवरचं खोबरेल

मित्रांनो, मी एक जुना पुतळा आहे. पुतळा कसला, नुसतं डोकं! धड नाही, पाय नाहीत, तरी स्वस्थ बसणं माझ्या नशिबी नाही. आत धातू, वरून रबराची कातडी आणि मेंदूच्या जागी धक्का मोजणारे सेन्सर. कोलकात्यात, बालीगंजच्या एका प्रयोगशाळेत देवयानीबाई मला हेल्मेट घालतात, उंच नेतात आणि तिरप्या ऐरणीवर सोडून देतात. माणसाच्या डोक्याला किती हिसका बसेल, ते मी सांगतो. बारा वर्षं आपटतोय.

विश्वकर्मापूजेला इथे यंत्रांना सुट्टी असते. बाहेर पतंग उडत होते आणि आत आम्हा सगळ्यांना हार-कुंकू. बाईंची नऊ वर्षांची नूपुर आली होती. दसऱ्याला आई विळी-कात्रीला तेलाचा हात फिरवते, हे तिने पाहिलेलं. तिने माझ्या कपाळाला, टाळूला, कानांमागे खोबरेल चोपडलं. इतक्या वर्षांत मला असं कुणी कुरवाळलं नव्हतं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी मुलांच्या नव्या हेल्मेटची चाचणी होती. कुंकू पुसलं गेलं, तेल राहिलं. ऐरणीवर आदळताच हेल्मेट तेलावरून सटकलं आणि खरा हिसका माझ्यापर्यंत पोचलाच नाही. आकडे सुरेख आले.

"पास," बाई म्हणाल्या. "आता नूपुरला बाबांच्या स्कूटरवर हेच."

माझा जीव खालीवर होऊ लागला. मुलांची डोकी अशी तेलात बुडालेली थोडीच असतात? पण माझं तोंड नुसतं कोरलेलं. अहवाल छापून आला. बाईंनी सहीसाठी पेन उघडलं.

तेवढ्यात शाळेतून आलेल्या नूपुरने माझ्या टाळूवर हात ठेवला.

"आई, ह्याला अजून तेल आहे. मीच लावलं होतं."

"कधी?"

"पूजेला. आपटून त्याला रोज लागतं ना, म्हणून." मग हळूच म्हणाली, "तू रागावशील?"

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी पेन मिटलं, मला स्पिरिटने तीनदा पुसलं आणि पुन्हा सोडलं. आकडे मर्यादेच्या कितीतरी वर गेले. हेल्मेट नापास झालं. बाई बराच वेळ नूपुरच्या डोक्यावर हात ठेवून बसल्या होत्या.

मित्रांनो, हातून चूक झाली तर नूपुरसारखी लगेच सांगा. हेल्मेट घाला, पट्टाही लावा. उद्या त्याच हेल्मेटचं नवं अस्तर चाचणीला येतंय आणि मला आत्तापासूनच चैन नाही. मी पडलो की मला पुसून पुन्हा वर नेतात. तुमचं तसं नाही.