आगाशिवावरचा झोत

लालासाहेबांनी चोवीस वर्षं सैन्याच्या सिग्नलमध्ये काढली होती. त्यामुळे लेकीच्या कामातलं आपल्याला सगळं कळतं, असं त्यांचं ठाम मत होतं. लेक उत्कर्षा कराडच्या इंजिनीअरिंग कॉलेजात लेसरचा अँटेना बनवत होती. अँटेना म्हणजे दुर्बीणच. फक्त तिच्यातून बघायचं नाही, तर डोळ्यांना न दिसणारा झोत सोडायचा आणि त्यावरून संदेश पाठवायचा. कृष्णा-कोयना फुगून केबली तुटल्या तरी गावांचं बोलणं बंद पडू नये, म्हणून तिनं या कामात सहा वर्षं घातली होती. शुक्रवारी पुण्याहून समिती येणार होती. चार किलोमीटरवर झोत दहा मिनिटं टिकला तर काम पुढे, नाहीतर गाशा गुंडाळायचा.

दुर्बीण आगाशिवाच्या डोंगरावर आणि झोत पकडणारं यंत्र कॉलेजच्या गच्चीवर. नेम धरणारी मोटर काही वेळेत आली नाही, म्हणून दुर्बिणीची मूठ धरायला माणूस लागायचा. “माझ्याबिगर कोन धरनार?” म्हणत लालासाहेब रोज सकाळी डोंगर चढायचे.

पण झोत काही स्थिर राहीना. तीन आठवडे उत्कर्षानं आरसे बदलले, तिवई बदलली, वाऱ्याला शिव्या घातल्या. फोनवर बापालाही सोडलं नाही.

“आबा, नीट धरा की जरा! लक्ष कुठं हाय तुमचं?”

“व्हय, व्हय,” एवढंच पलीकडून यायचं.

बुधवारी लालासाहेब लग्नाला म्हणून सांगलीला गेले. त्यांच्या जागी प्रयोगशाळेतला नागसेन बसला आणि पडद्यावरची झोताची रेघ एकदम सरळ झाली. उत्कर्षा आनंदानं ओरडली. मग तिनं जुन्या नोंदी काढल्या. थरथर सेकंदाला पाच वेळा, रोज तेवढीच. वारा कधी असा मोजून वाहतो होय? ही थरथर हाताची होती. आबा हल्ली चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात, हे तिनं रोज पाहिलं होतं आणि एकदाही विचारलं नव्हतं.

संध्याकाळी लालासाहेब परतले. शर्टाच्या खिशातून दवाखान्याचा कागद डोकावत होता.

“लग्न कसं झालं?”

“झ्याक. आन् शुक्रवारी मीच बसनार. सायेबलोकांना सांगून ठेव, बाप सुभेदार हाय म्हनावं.”

“सांगते,” ती म्हणाली.

गुरुवारी तिनं शहाण्या माणसानं करू नये ते केलं. भिंग बदलून झोत रुंद केला. आता हात हलला तरी यंत्र झोताबाहेर जाणार नव्हतं. पण पसरलेला उजेड विरळ झाला. हवा स्वच्छ राहिली तर निभावेल, असं तिनं मनाला समजावलं.

शुक्रवारी सकाळी नदीवर पातळ धुकं होतं. अरुंद झोत त्यातून सहज गेला असता. हा रुंद झोत तिसऱ्या मिनिटाला तुटला, तो परत आलाच नाही. समितीतल्या बाईंनी शांतपणे विचारलं, “झोत एवढा पसरट का ठेवलात?” त्यांनी फाईल मिटली.

ती डोंगरावर पोचली तेव्हा लालासाहेब उजवा हात काखेत दाबून दगडावर बसले होते.

“माझ्या हातानं गेलं न्हवं?”

“न्हाई, आबा. भिंगाचं गणित माझंच चुकलं.”

“पोरी, सिग्नलमधी हुतो मी. भिंग बदललेलं सकाळीच बघितलं. कुनासाठी बदललंस, ते बी कळलं.” “कंपवात हाय म्हनला डॉक्टर. आल्याबरुबर तुला सांगाय पायजे हुतं. पर बसायची लय हौस हुती गं. तुजी सहा वर्सं खाल्ली मी.”

उत्कर्षा त्यांच्या पायाशी बसून हमसून हमसून रडली. मग लालासाहेब उठले आणि दुर्बीण सोडवायला गेले. दोनदा पाना बोल्टवर बसवायला बघितला, दोन्ही वेळा तो घसरला. त्यांनी पाना तिच्यापुढे धरला.

“तू काढ,” ते म्हणाले. “मला न्हाई जमायचं आता.”